पुलापलीकडची मने : लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा सिनेमा

लक्ष्मीकांत शेटगावकर हे गोव्याचे चित्रपट दिग्दर्शक. ‘पलतडचो मनीस’ (पुलापलीकडचा माणूस) हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा कोकणी चित्रपट सप्टेंबर २००९ मध्ये टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. तेथे ‘डिस्कव्हरी’ या नवोदितांच्या विभागात त्याला चित्रपट समीक्षकांच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे फिप्रेस्कीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याच्याकडे आला. पुढे २०१३ सालच्या ‘बागा बीच’ने हा राष्ट्रीय मान शेटगावकर यांना दुसऱ्यांदा मिळवून दिला. दिग्दर्शक म्हणून त्यांची ओळख प्रामुख्याने या दोन चित्रपटांवर उभी आहे. संख्या लहान आहे, पण कोकणी सिनेमात माणसाच्या मनाला मध्यभागी आणण्याचे काम या दोन चित्रपटांनी जितक्या गांभीर्याने केले, तितके त्याआधी क्वचितच झाले होते.

मनोविश्लेषक वळणाचा चित्रपट म्हटला की बंद खोली, आरसा, दुभंगलेला नायक आणि समोर बसलेला डॉक्टर असे चित्र प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे येते. शेटगावकर यांच्या सिनेमात यांतले जवळजवळ काही नाही. त्यांच्याकडे मनाची गोष्ट उघड्यावर घडते, रानात, वाळूवर, देवळासमोरच्या मांडावर. एखाद्याचे मन किती बिघडले आहे हे ते त्या माणसाच्या डोक्यात शिरून सांगत नाहीत. गाव त्याच्याशी कसे वागते, यावरून ते प्रेक्षकाला कळू देतात.

शेटगावकर हे आडनाव पेडणे तालुक्यात, विशेषतः मोरजीच्या बाजूला, सहज कानी पडते. पेडणे आणि डिचोली हे उत्तर गोव्याचे दोन तालुके ‘नव्या काबिजादीं’त मोडतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. बार्देस, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादी त्याआधी दोन-अडीचशे वर्षे त्यांच्या अमलाखाली होत्या. उशिरा गेल्यामुळे पेडणे आणि डिचोलीत देवळे जागच्या जागी राहिली. जत्रा, काले, दशावतार आणि मराठी नाटकांची परंपराही तुटली नाही. पेडण्याला लागून सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा मुलूख आहे, डिचोलीला लागून दोडामार्ग. सीमेच्या दोन्ही अंगांना तीच दैवते, त्याच दशावतारी कंपन्या आणि बोलण्यात कोकणी-मराठीची तीच सरमिसळ आढळते. गोव्यात सिनेमा करणारा माणूस बहुधा नाटकातून येतो, आणि त्या नाटकाची मुळे अशा गावांत आहेत.

याच दोन तालुक्यांत मनाच्या अस्वस्थतेला गावाने दिलेले दोन मोठे सार्वजनिक आकार पाहायला मिळतात. कोजागरीच्या रात्री पेडण्याला ‘पुनव’ भरते. दसऱ्यापासून रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे (देवांचे प्रतीक मानलेले खांब) सजलेली असतात. पुनवेच्या रात्री भगवतीच्या देवळापाशी हजारो लोक जमतात, आणि ज्यांना ‘बाधा झाली आहे’ असे घरच्यांना वाटते त्यांना तेथे आणले जाते. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवे आहे आणि ते कधीच पुरे होत नाही, अशी तेथली आख्यायिका आहे. डिचोली तालुक्यातील साळ गावात होळीच्या सुमारास ‘गड्यांची जत्रा’ होते. नेमलेले गडे अवसरात येतात, म्हणजे त्यांच्या अंगात येते, आणि रात्री अंधारात, रानाच्या दिशेने, देवचार या राखणदार भुताच्या मागे धावत सुटतात.

बाहेरच्या माणसाला हे सारे अद्भुत वाटते. गावाच्या दृष्टीने त्याला पक्के नियम आहेत. अवसर येतो तो ठरावीक तिथीला, ठरावीक जागी. तो उतरला की गडी घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी शेतावर किंवा नोकरीवर हजर होतो. त्याची पत घटत नाही, उलट थोडी वाढतेच. देहभान हरपण्याला गावाने येथे वेळ दिली आहे, जागा दिली आहे आणि परतीची वाटही राखली आहे. ज्याचे भान ठरल्या वेळी परत येत नाही, त्याच्यासाठी मात्र या व्यवस्थेत जागा नाही. असे माणूस वेशीवर, बसस्थानकावर, रस्त्याच्या कडेला दिसू लागते. ‘पलतडचो मनीस’ नेमका या माणसापासून सुरू होतो.

योगायोग असा की, मनाच्या अशा अवस्थांचा शास्त्रीय विचार करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही माणसांपैकी एक गोव्याचा होता. बार्देसमधील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करीत. त्या काळी संमोहन हा प्रयोगकर्त्याच्या अंगातून वाहणाऱ्या ‘चुंबकशक्ती’चा परिणाम मानला जाई. फारिया यांनी ते नाकारले. समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात, सूचनेच्या बळावर, ही अवस्था उत्पन्न होते, असे त्यांनी १८१९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पणजीत त्यांचा पुतळा आहे. झोपी जाणाऱ्या स्त्रीवर हात पसरून उभे असलेले फारिया तेथे रोज शेकडो पर्यटकांच्या छायाचित्रांत येतात. गोव्यातील चित्रपटाला मनाकडे वळायला मात्र फार उशीर लागला.

पहिला कोकणी बोलपट ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० रोजी प्रदर्शित झाला. तो आल जेरी ब्रागांझा यांनी काढला, आणि त्या वेळी गोवा पोर्तुगिजांच्या राज्यात होता. मुक्तीनंतर फ्रँक फर्नांड यांचे ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) आले. १९७७ साली ख्रिस पेरी यांचा ‘भुंयारांतलो मनीस’ हा रंगीत चित्रपट आला. या चित्रपटांची घडण तियात्राची, म्हणजे गोव्याच्या कोकणी संगीत नाटकाची होती. कांतारे, विनोद, विरह, गैरसमज आणि शेवटी मीलन. त्यांतली गाणी गोव्याच्या घराघरांत अजून जिवंत आहेत. पण त्या घडणीत माणसाचे दुःख गाण्यातून मोकळे होई. न बोलता येणाऱ्या, गाता न येणाऱ्या दुःखासाठी तेथे अवकाश नव्हता.

त्यानंतर दीर्घ काळ कोकणी चित्रपट तुरळकच निघत राहिले. परिस्थिती बदलली ती २००४ साली. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (इफ्फी) त्या वर्षी पहिल्यांदा गोव्यात भरला आणि पुढे तेथेच स्थिरावला. पणजीत आयनॉक्सची चित्रगृहे उभी राहिली, एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा स्थापन झाली. दर नोव्हेंबरात इराण, कोरिया, तुर्कस्तान, लॅटिन अमेरिकेचे चित्रपट गोव्यातल्या तरुणांना आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर पाहता येऊ लागले. लहान भाषेत, थोड्या पैशांत, ओळखीच्या जागी, नट-नट्यांच्या झगमगाटाशिवाय मोठा चित्रपट होऊ शकतो, हे त्यांनी पडद्यावर पाहिले. त्याच काळात राजेंद्र तालक यांचे ‘अलिशा’ (२००४) आणि ‘अंतर्नाद’ (२००६) आले. ‘अंतर्नाद’ला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेटगावकर यांनी या सुमारास ‘एका सागर किनारे’ हा लघुपट केला होता, आणि ते पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे वळत होते.

त्यांनी निवडलेली गोष्ट महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ या कोकणी कादंबरीची होती. सैल हे कारवारजवळच्या माजाळी परिसरातले, म्हणजे गोव्याच्या दक्षिण सीमेपलीकडचे. तरुणपणी ते सैन्यात होते. ‘तरंगां’ या कथासंग्रहासाठी १९९३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कुंभारांच्या मावळत चाललेल्या जगावरच्या ‘हावठण’ या कादंबरीने २०१६ चा सरस्वती सन्मान त्यांच्याकडे आणला. कष्टकऱ्यांचे, डोंगरकुशीतल्या वस्त्यांचे, देवा-धर्माच्या कचाट्यात सापडलेल्या साध्या माणसांचे जग हा त्यांच्या लेखनाचा गाभा. कोकणी साहित्यातला हा खोल झरा सिनेमाच्या हाताशी होता. त्यापर्यंत पोहोचण्याची दृष्टी शेटगावकर यांनी दाखवली, आणि त्यांच्या पुढच्या यशाचे निम्मे श्रेय या निवडीलाच द्यावे लागते.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. विनायक हा वनखात्याचा रक्षक गोवा-कर्नाटक सीमेवरच्या घाटातल्या रानात एकटा राहतो. त्याची पत्नी वारली आहे आणि तिच्या आठवणीतून तो बाहेर पडलेला नाही. खालच्या वस्तीतल्या लोकांना मंदिर बांधायचे आहे, आणि गावाचा सारा उत्साह त्या कामात आहे. अशात मनाचा तोल गेलेली एक भटकी स्त्री विनायकच्या घराच्या आसपास येऊ लागते. आधी तो तिला हुसकावतो. मग खायला देतो. मग आसरा देतो. हळूहळू त्या दोघांत एक नाते जुळते. ही स्त्री उघड्यावर, उपाशी फिरत होती तोवर गावाची काही हरकत नव्हती. तिला कोणीतरी घरात घेतले, माणसासारखे वागवले, तेव्हा मात्र गावाची नीतिमत्ता जागी झाली.

विनायकची भूमिका चित्तरंजन गिरी यांनी आणि त्या स्त्रीची वीणा जामकर यांनी केली. प्रशांती तळपणकर यांच्यासारखे गोव्याच्या रंगभूमीवरचे कलावंत इतर भूमिकांत आहेत. वीणा जामकर यांच्यापुढचे काम अतिशय अवघड होते. पडद्यावरची वेडी स्त्री म्हटली की विस्कटलेले केस, किंचाळणे आणि फिरवलेले डोळे, अशी एक ठरलेली रीत आपल्याकडच्या चित्रपटांत रुळलेली आहे. तिथे नटाला टाळ्या मिळतात, पण माणूस दिसत नाही. येथे वेगळीच गोष्ट साधायची होती. जिच्याशी संवाद होऊ शकत नाही अशा व्यक्तीबद्दल प्रेक्षकाला आधी अडचण वाटावी, मग सवय व्हावी आणि शेवटी ती नसली तर चुकल्यासारखे वाटावे, असा हा प्रवास आहे. विनायकचा आणि प्रेक्षकाचा प्रवास एकच आहे, आणि दिग्दर्शकाची पकड त्या जुळणीत जाणवते.

कादंबरीला एक मोठी सोय असते. लेखक पात्राच्या मनात शिरून ‘त्याला वाटले’ असे लिहू शकतो. कॅमेऱ्याला फक्त बाहेरचे दिसते. म्हणून मनाचा चित्रपट करणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाला आतले बाहेर आणण्याची युक्ती शोधावी लागते. कोणी निवेदनाचा आवाज वापरतो, कोणी स्वप्ने दाखवतो. स्वीडनच्या इंगमार बर्गमन यांनी माणसाचा चेहरा इतक्या जवळून आणि इतका वेळ दाखवला की तो चेहराच पुरावा ठरला. शेटगावकर यांनी आपल्या कथेसाठी रान आणि काम यांचा आधार घेतला. विनायकचे एकटेपण तो बोलून दाखवत नाही. घराभोवतीची झाडी, कोणी येत-जात नाही अशी वाट, एकट्याने उरकायची रोजची कामे यांतून ते कळते. दुसरे माणूस घरात आल्यावर त्याच कामांचा अर्थ बदलतो. एका ताटाची दोन ताटे होतात, आणि विधुराच्या मनात काय हलले हे सांगायला आणखी काही लागत नाही.

मंदिराचे उपकथानकही याच कामाचे आहे. वनरक्षक म्हणून रान राखणे हे विनायकचे कर्तव्य, आणि गावाला देवासाठी जागा हवी. एका बाजूला दगड-लाकडाचे देऊळ उभे करायला सारा गाव एक होतो, दुसऱ्या बाजूला एका निराधार बाईसाठी गावातले एकही दार उघडत नाही. या दोन गोष्टी चित्रपट शेजारी शेजारी ठेवतो. शेटगावकर गावकऱ्यांना खलनायक करत नाहीत, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे. ते साधे, देवभोळे, एकमेकांना धरून राहणारे लोक आहेत. त्यांच्या एकीला बाहेर ठेवायला कोणीतरी लागते, एवढेच. देवळाची ओढ समजून घेऊनही तिच्या सावलीत होणारा अन्याय दाखवणे ज्याला जमते, त्याने अशी गावे जवळून पाहिलेली असली पाहिजेत.

या चित्रपटाची निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, म्हणजे एनएफडीसीने केली. १९७५ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने बाजारात ज्यांना कोणी हात देणार नाही अशा कित्येक पहिल्यावहिल्या दिग्दर्शकांचे चित्रपट उभे केले. २०११ च्या जनगणनेत कोकणी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे साडेबावीस लाख निघाले. तेही गोवा, कर्नाटक, केरळ आणि महाराष्ट्रात विखुरलेले. खुद्द गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. एवढ्या प्रेक्षकांवर तिकीटविक्रीतून चित्रपटाचा खर्च निघणे जवळजवळ अशक्य. मराठी दिग्दर्शकाला मुंबई-पुण्याचा मोठा प्रेक्षक असतो, दूरचित्रवाणीचा हक्क विकता येतो. कोकणी दिग्दर्शकाला सरकारी साहाय्य, महोत्सव आणि स्वतःची पदरमोड यांवरच भिस्त ठेवावी लागते. ‘स्वतंत्र दिग्दर्शक’ या शब्दांमागचा गोव्यातला रोजचा अर्थ हा आहे. दोन चित्रपटांमधली चार वर्षे याच हिशेबात मोजायला हवीत.

‘बागा बीच’मध्ये शेटगावकर रानातून किनाऱ्यावर आले. येथे एक नायक नाही. पर्यटनावर जगणारे स्थानिक, पोटासाठी परप्रांतातून आलेली कुटुंबे, परदेशी पाहुणे आणि या साऱ्यांच्या पायांत घुटमळणारी मुले यांच्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. त्यांच्या तळाशी मुलांच्या लैंगिक शोषणाचा विषय आहे. पाओली दाम, प्रशांती तळपणकर यांच्यासह परदेशी नटही त्यात आहेत. जाहिरातींतला गोवा नेहमी हसरा असतो. त्या हास्यामागे कोणत्या गोष्टी न पाहण्याचे ठरलेले आहे, याचा शोध हा चित्रपट घेतो.

विषय कल्पनेतून आलेला नव्हता. मडगावात अनाथ मुलांसाठी वसतिगृह चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ साली पकडला गेला. मुलांच्या संघटित लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये त्याला शिक्षा झाली, आणि भारतात अशा गुन्ह्यातली ती पहिली मोठी शिक्षा ठरली. त्या हादऱ्यानंतरच्या चळवळीतून २००३ साली ‘गोवा बाल कायदा’ आला. देशात बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये झाला, म्हणजे गोव्याने त्याच्या नऊ वर्षे आधी पाऊल टाकले होते. कायदा झाला तरी किनाऱ्यावरच्या वस्तीत या विषयावर मोकळेपणी बोलणे सोपे नव्हते. खोली भाड्याने देणाऱ्याला भाडेकरू गमवायचा नसतो. मुलाच्या हातात आलेले पैसे घराला हवे असतात. शेजाऱ्याला भांडण नको असते. शेटगावकर यांचे लक्ष या गप्प बसण्यावर आहे. पहिल्या चित्रपटात गाव एका बाईविरुद्ध एकत्र येऊन बोलते, दुसऱ्यात वस्ती एकत्र येऊन गप्प राहते. समूहाचे मन कसे चालते, हा त्यांचा प्रश्न दोन्हीकडे कायम आहे.

कलाकृती म्हणून ‘पलतडचो मनीस’ अधिक सखोल आहे. तेथे दोनच जीव आणि भरपूर वेळ आहे. ‘बागा बीच’मध्ये पात्रे पुष्कळ, धागे पुष्कळ, आणि त्यामुळे एकेका मनापाशी थांबायला सवड कमी पडते. तरीही आपल्याच राज्याच्या कमाईच्या साधनाकडे, म्हणजे पर्यटनाकडे, इतक्या रोखठोक नजरेने पाहणे हे धाडसाचे होते. त्यानंतर पर्यटनाची लाट बार्देसच्या किनाऱ्यावरून उत्तरेला सरकत पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल अशी पसरत गेली. जानेवारी २०२३ पासून याच तालुक्यातल्या मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली. ‘बागा बीच’मधले प्रश्न आता पेडण्याच्या दारात उभे आहेत, आणि त्या दृष्टीने हा चित्रपट पुन्हा पाहण्यासारखा आहे.

याच वर्षांत मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर हे दोघे मिळून मनाचा सिनेमा करत होते. शेटगावकर यांचे काम त्यांच्या कामाशेजारी ठेवून पाहिले तर अधिक उलगडते. ‘देवराई’ (२००४) हा स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या शेषची आणि त्याच्या बहिणीची गोष्ट सांगतो. अतुल कुलकर्णी यांनी शेष उभा केला. कॅनडात प्राध्यापक असलेले आणि पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी यांचा या चित्रपटाला आधार होता. ‘अस्तु’ (२०१३) मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित साकारले. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. ‘कासव’ने नैराश्याचा विषय कोकण किनाऱ्यावरच्या कासव-संवर्धनाशी जोडला आणि २०१६ चे सुवर्णकमळ मिळवले. याच ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या पेडण्यात मोरजी आणि मांद्रेच्या वाळूतही अंडी घालायला येतात.

भावे-सुकथनकर यांच्या चित्रपटांत आजाराला नाव आहे, डॉक्टर आहेत, औषध आहे. कुटुंब आधी गोंधळते आणि मग शिकते. प्रेक्षकही त्यांच्याबरोबर शिकतो, आणि हे त्यांनी जाणीवपूर्वक केले. शेटगावकर आजाराला नाव देत नाहीत. पुलापलीकडच्या रानात डॉक्टर पोहोचत नाही, आणि जेथे नाव देणारा नाही तेथे आजार ‘वेड’ याच शब्दात राहतो. साम्यही मोठे आहे. ‘अस्तु’मध्ये वाट चुकलेल्या पंडितांना माहुताची बायको आईच्या मायेने सांभाळते. ‘कासव’मध्ये जीव द्यायला निघालेल्या तरुणाला एक अनोळखी बाई घरी आणते. ‘पलतडचो मनीस’मध्ये वनरक्षक एका अनोळखी बाईला आसरा देतो. तिन्ही ठिकाणी रक्ताचे नाते नसलेले माणूस पुढे येते. मराठी-कोकणी मुलखातल्या या चित्रपटांना एकाच काळात, वेगवेगळ्या वाटांनी, हेच सुचावे हा केवळ योगायोग मानता येत नाही. एकत्र कुटुंब विरले, गावाचा आधार अटींचा झाला आणि सरकारी व्यवस्था दूर राहिली, अशा दिवसांत परक्याच्या मायेकडे डोळे लागणे साहजिक आहे.

गोव्यात ही व्यवस्था अगदीच नव्हती असे नाही. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था ही सरकारी संस्था आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने आणखी वेगळा प्रयोग केला. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करावी, असा तो प्रयोग होता. सरकारी केंद्रांत त्याचा चांगला परिणाम दिसला, आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ‘पलतडचो मनीस’ टोरांटोला पोहोचला त्याच्या पुढच्याच वर्षी हे घडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणे आणि चोवीस तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य केंद्रात पोहोचवणे ही पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याची जबाबदारी ठरवली. विनायकने माणुसकीपोटी जे केले त्याची सुरुवात तरी आज कायद्याने कोणाच्यातरी कर्तव्यात लिहिली आहे. गाव काय म्हणेल, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत येत नाही.

शेटगावकर यांच्या यशानंतर गोव्यातील चित्रपटकर्मींची वाट थोडी रुंद झाली. बार्द्रॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ (२०१४) जुन्या कोकणी गाण्यांच्या आधाराने एका गायिकेची आणि वादकाची कोंडी मांडतो. हा चित्रपट चित्रगृहांवर विसंबून न राहता सभागृहांतून आणि परदेशातल्या गोवेकरांच्या मेळाव्यांतून लोकांपर्यंत नेला गेला, आणि कोकणी चित्रपटाच्या वितरणाला त्याने एक नवा मार्ग दाखवला. मिरांशा नाईक यांचा ‘जुझे’ (२०१७) एका जुलमी घरमालकाच्या दहशतीखाली वाढणाऱ्या मुलाच्या मनात शिरतो. त्याचा पहिला खेळ हाँगकाँगच्या महोत्सवात झाला. दिनेश भोसले यांच्या ‘एनिमी?’ आणि ‘आमोरी’ या चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. नितीन भास्कर यांचा ‘काजरो’ हा सत्तरी तालुक्यातले कथाकार प्रकाश पर्येकर यांच्या कोकणी कथेवर आधारलेला. त्यालाही २०१९ साठीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. साहित्यकृतीकडून सिनेमाकडे जाण्याची शेटगावकर यांनी चोखाळलेली वाट त्यात पुन्हा दिसते.

मराठीतून मनाच्या विषयाकडे वळलेला गोव्याचा ठळक तरुण दिग्दर्शक म्हणजे आदित्य जांभळे. ‘आबा... ऐकताय ना?’ या लघुपटासाठी त्यांना कथाबाह्य विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मृत मूल जन्मलेल्या आईच्या दुःखावरचा ‘खरवस’ हा त्यांचा लघुपट २०१८ च्या इफ्फीत भारतीय पॅनोरमाच्या कथाबाह्य विभागाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. आईला फुटलेला पान्हा आणि व्यालेल्या गाईचे दूध यांच्या आधाराने एक अबोल शोक त्यात उलगडतो. जांभळे पुढे मुंबईच्या मोठ्या हिंदी चित्रपटांकडे गेले. २०२४ चा ‘आर्टिकल ३७०’ त्यांनी दिग्दर्शित केला. लहान राज्यातल्या दिग्दर्शकापुढे हा पर्याय नेहमीच उभा असतो. मुंबईला गेले तर साधने मिळतात, प्रेक्षक मिळतो. गोव्यात राहिले तर विषय जवळ असतात आणि पैसा दूर.

विषयांची वाण खरोखरच नाही. डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, पाळी, वेळगे या पट्ट्यात अनेक दशके लोहखनिजाच्या खाणी धडधडत होत्या. २०१२ मध्ये त्या थांबल्या, काही काळाने अंशतः सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. कर्जावर घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. धूळ खाली बसली, तशी ज्या गावांना खाणीने श्रीमंती आणि खोकला एकाच वेळी दिला त्यांच्यातली जुनी भांडणे वर आली. वडिलांचे शेत खाणीत गेले आणि मुलाची नोकरी खाणीबरोबर गेली, अशी घरे तेथे आहेत. समूहाचे मन वाचणाऱ्या सिनेमासाठी याहून सकस सामग्री शोधावी लागणार नाही.

शेटगावकर यांचे दोन्ही चित्रपट आज सहजासहजी पाहायला मिळत नाहीत, ही मोठी उणीव आहे. स्वतंत्र चित्रपटांचे आयुष्य महोत्सवाच्या आठवड्याबरोबर संपू नये, यासाठी चांगल्या प्रती जपणे, मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकांसह त्या उपलब्ध करणे आणि साखळीच्या रवींद्र भवनासारख्या ठिकाणी त्यांचे नियमित खेळ लावणे, एवढे काम अवघड नाही. ‘पलतडचो मनीस’ पेडणे-डिचोलीच्या, तसेच सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या प्रेक्षकाला उपशीर्षकांवाचूनही कळेल. त्यातली माणसे, त्यांचे देव आणि त्यांची बोली त्याच्या रोजच्या ओळखीची आहे.